अर्जदार: सर स्वतः

रविवार, ७ डिसेंबर. सकाळचा चहा झाल्यावर. ठिकाण: सरांच्या घराची पडवी, कुणकेश्वरच्या अलीकडे, रस्ता समुद्राकडे उतरायला लागतो तिथे.

हजर: सर, अर्जदार म्हणून. सुलभावहिनी, शेजारच्या, नात्याने सरांच्या चुलतभावाच्या पत्नी. मनाली, माझ्या कॉलेजातली तरुण सहकारी. आणि मी, टिपणं घ्यायला. मी नसेन तिथे कोणी टिपणं घेत नाही, हा माझा अनुभव आहे.

गैरहजर: सुहास, सरांचा मुलगा, मुक्काम पुणे. निर्णय त्याच्याच हातात होता.

विषय एकच होता. सरांनी या घरात एकट्याने राहायचं, की सुहासने पुण्यात त्यांच्यासाठी रंगवून ठेवलेल्या खोलीत जायचं. दिवाळीनंतर सर विहिरीच्या पायरीवर पडले होते. सुहास येऊन गेला, डॉक्टरांशी बोलला, आणि निघताना अर्धा चिडून अर्धा गमतीत म्हणाला, की बाबा, तुम्ही जन्मभर लोकांचे अर्ज सुधारलेत, आता मला एक लिहा; पटला तर राहा. गंमत सरांच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल, पण अर्ज म्हटल्यावर त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही.

सर कोणाचेच सर नव्हते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्यांची नोकरी झाली, आणि शेवटची बरीच वर्षं ते वेगवेगळ्या छाननी समित्यांवर होते. म्हणजे देशभरातल्या शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी पैसे मागायचे आणि सरांनी ते अर्ज वाचायचे. निवृत्त होऊन गावी आले ते एवढं एकच वेड घेऊन. आंब्याची कलमं लावली नाहीत, देवळाच्या कमिटीवर गेले नाहीत. पडवीत एक खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, की कोणाचा अर्ज असेल तर बघून देईन. आमच्यासारखे कॉलेजवाले आले, काजूवर काम करणारे आले, कातळसड्यावरच्या रानफुलांची नोंद ठेवणारा एक गट आला. बचत गटाच्या बायकाही आल्या, कारण अर्ज तो अर्ज.

अर्ज हातात आला, की सर पहिलं पान उघडत नसत. ते थेट तिसऱ्या परिच्छेदावर जात. बाजारात माशाचं तोंड कोण बघतं, कल्ले बघतात, असं त्यांचं म्हणणं. पहिले दोन परिच्छेद लिहिणाऱ्याने स्वतःला धीर यावा म्हणून लिहिलेले असतात. माल ताजा आहे की नाही ते तिसऱ्यात कळतं. मग ते मान वर न करता विचारत, "मगे काय?" प्रत्येक वाक्यानंतर हा प्रश्न. त्याला उत्तर देता आलं तर वाक्य राहायचं. नाही आलं तर त्यावर आडवी रेघ.

त्यांच्या डोळ्यांसमोर कायम एक वाचणारा असे. तो जेवून आलेला आहे, त्याच्यापुढे गठ्ठा आहे, पंखा हळू फिरतोय आणि संध्याकाळची गाडी गाठायची आहे. "तो तुमचो शत्रू नाय," सर सांगत, "तो फकत दमलेलो आसा." त्याला दोनदा वाचायला लागेल असं वाक्य लिहिणं हा सरांच्या मते उद्धटपणा होता. 'अत्यंत', 'महत्त्वपूर्ण', 'सर्वंकष' हे शब्द दिसले, की ते नाकाजवळ हात नेऊन वारा घालत. 'प्रयत्न केला जाईल' असं लिहिलेलं असलं, तर विचारत की कोण करणार, त्याचं नाव काय, आणि तो आज कुठे आहे.

अर्ज इंग्रजीत द्यायचे असत. तरी सर आधी मालवणीत सांगायला लावत. जी गोष्ट मालवणीत सांगता येत नाही ती आपल्याला अजून कळलेली नाही, इंग्रजी ही पांघरूण घ्यायला बरी. एकदा कणकवलीहून आलेला एक पीएचडी झालेला मुलगा आपला विषय मालवणीत सांगायला बसला आणि दोन वाक्यांनंतर गप्प झाला. सरांनी त्याला वहिनींकडून खापरोळी मागवून खायला घातली आणि घरी पाठवलं. पुढच्या महिन्यात तो दुसराच विषय घेऊन आला. तो बरा होता.

हे वेड अर्जांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. त्यांच्या फाटकावर पूर्वी पाटी होती: 'कृपया येता-जाता फाटक बंद करण्याची तसदी घ्यावी, ही नम्र विनंती.' कोणीच तसदी घेत नसे. सरांनी ती काढून नवी लावली: 'उघडं राहिलं तर वहिनींची गाय येते.' दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद राहायला लागलं. फक्त वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. आपल्या गायीची अशी रस्त्यावर बदनामी केल्याबद्दल त्यांनी सरांना भावकीतल्या एका लग्नात सगळ्यांसमोर सुनावलं. पण गाय तेव्हापासून बांधलेली असते. सर म्हणाले, वाक्य चांगलं असलं, की ज्याच्यासाठी लिहिलं नव्हतं त्यालाही पटतं.

एकदा मात्र फसले. देवळाच्या सभेची सूचना त्यांच्याकडे तपासायला आली. त्यात अर्धं पान मानकऱ्यांची नावं होती. सरांनी विचारलं मगे काय, उत्तर आलं नाही, त्यांनी रेघ मारली. सूचना तशीच छापली गेली. सभेला मानकऱ्यांपैकी कोणी आलं नाही, आणि ते नाहीत म्हणून बाकीचेही पायरीवर बसून राहिले. सरांना घरोघरी जाऊन नारळ द्यावा लागला. परत आल्यावर त्यांनी मला फोन करून सांगितलं, की काही शब्द माहिती नसतात, बसायची जागा असतात. ती मोडू नये. मी ते लिहून ठेवलं आहे. सरांनी स्वतःची चूक इतक्या थोडक्यात सांगितल्याचं ते एकच उदाहरण माझ्याकडे होतं.

सरांची मुख्य परीक्षा वेगळीच होती. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण पुढे उभा राहून देवाला सांगतो: कोण आलंय, काय अडलंय, काय पाहिजे, दिलंस तर आम्ही काय करू. प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सरांचं मत असं, की अनुदानाच्या अर्जात यापलीकडे काहीही लागत नाही. म्हणून अर्ज पुरा झाला, की ते पडवीच्या कठड्याशी उभे राहून खणखणीत आवाजात तो गाऱ्हाण्यासारखा म्हणत. गड्ग्यापलीकडे, दगडी कुंपणाच्या त्या बाजूला, वहिनींचं स्वयंपाकघर. वहिनी तिकडून, हातातलं काम न सोडता, वाक्य पटलं तर 'व्हय म्हाराजा' म्हणत. नाही पटलं तर गप्प. तिकडून आवाज आला नाही, की सर खाली बसून वाक्य पुन्हा करत.

आमचाही अर्ज त्या गड्ग्यावरून गेला. मनाली आणि मी खाडीत बांबूच्या मांडणीला दोर लटकवून कालवं वाढवतो. खाडीच्या बायका खडकावरचे शिंपले फोडून काढतात तीच कालवं. आमचा पहिला अर्ज नापास झाला होता, दुसरा घेऊन सरांकडे गेलो. पहिलं वाक्य होतं की पृथ्वीचा बहुतांश भाग समुद्राने व्यापलेला आहे. सर म्हणाले, "समुद्र त्यांका ठावक आसा. तुमची खाडी दाखया." मग तिसऱ्या परिच्छेदात त्यांचं बोट थांबलं. तिथे मनालीने लिहिलं होतं, पावसाळ्यातील निरीक्षणांत काही प्रमाणात घट आढळून आली.

काय घटलं, असं सरांनी विचारलं. मनाली म्हणाली, कालवं. ती कुठे गेली? मनालीने माझ्याकडे पाहिलं. मेली, असं ती म्हणाली.

"मगे मेली म्हणान लिवा."

आम्ही घाबरलो. गेल्या खेपेचा माल मेला असं सांगितल्यावर कोण पैसे देईल? सरांनी सांगितलं, की गाऱ्हाण्यात चुकलं-माकलं ते देवासमोर सांगतातच, नाहीतर देवाला शंका येते. अपयश दुसऱ्या वाक्यात सांगायचं. पहिल्यात फार लवकर होतं, तिसऱ्यात लपवल्यासारखं दिसतं. आम्ही लिहिलं: 'आमच्या खाडीत कालवं वाढतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतली बहुतेक मेली. नदीच्या गोड्या पाण्याने मेली असा आमचा अंदाज आहे. तो खरा की खोटा ते या कामातून कळेल.' गड्ग्यापलीकडून चारही वेळा 'व्हय म्हाराजा' आलं. अर्ज मंजूर झाला. समितीने विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्या मेलेल्या कालवांबद्दल होता, आणि त्यांची उत्तरं आमच्याकडे होती. मी पेढे घेऊन गेले. सर म्हणाले, एक वाक्य अजून कमी करता आलं असतं.

तर आता विहिरीची गोष्ट.

त्या सकाळी सर बादली घेऊन विहिरीवर गेले, शेवाळावरून पाय सुटला आणि ते दगडावर आडवे झाले. मोडलं काही नाही, पण कंबरेने उठता येईना. त्यांनी हाक मारली. सरांची हाक म्हणजे खणखणीत. "वहिनी, मी बावीच्या पायरीर पाय घसरान पडलंय आनि माका उठाक जमना नाय."

गड्ग्यापलीकडून उत्तर आलं, "व्हय म्हाराजा."

वहिनी तव्यावर पोळे घालत होत्या. इतक्या वर्षांची सवय. सरांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा व्हय म्हाराजा. मग ते बराच वेळ गप्प राहिले. दम लागला होता म्हणून, असं ते म्हणतात. मला वाटतं, ते वाक्य कापत होते. शेवटी ओरडले, "पडलंय. येवा." तेव्हा वहिनी धावत आल्या. वहिनींनी आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघा माणसांनी मिळून त्यांना उचललं. खाटेवर ठेवेपर्यंत सर त्यांना समजावत होते, की पहिलं वाक्य लांब होतं, त्यात पायरीची गरज नव्हती.

आम्ही हे ऐकून हसलो. वहिनी हसल्या नाहीत, ते मला तेव्हा दिसलं नाही.

सात तारखेला सरांनी आमच्यापुढे आपला मसुदा ठेवला. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मनालीने थेट तिसरा परिच्छेद काढला. सर म्हणाले, सुरुवातीपासून वाच. मनाली म्हणाली, "सर, कल्ले." मग तिने सुरुवातही वाचली. 'कोकणच्या या निसर्गरम्य भूमीशी आपल्या घराण्याचे असलेले पिढ्यानुपिढ्यांचे अतूट ऋणानुबंध लक्षात घेता...' मी नाकाजवळ हात नेऊन वारा घातला. सर कानापर्यंत लाल झाले.

पुढे समुद्राचा वारा, आईच्या हातचं तुळशीवृंदावन, पुण्यातली धूळ, वाढतं वय आणि आत्मनिर्भरता, असं सगळं होतं. आणि चौथ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात: 'मध्यंतरी विहिरीपाशी किंचित तोल गेला होता, परंतु त्याचे विशेष काही नाही.'

मी म्हटलं की हे दुसऱ्या वाक्यात यायला पाहिजे.

सर म्हणाले नाही. हे अनुदान नव्हे, हा मुलगा आहे. तो तेवढंच वाक्य वाचेल आणि गाडी घेऊन येईल. मनालीने कालवांची आठवण करून दिली. सर म्हणाले, कालवांना घर सोडून जायचं नव्हतं. मग आवाज चढला. मी किंचित शब्दावर रेघ मारली, त्यांनी कागद ओढून घेतला. वहिनींना हाक कशी कळली नाही हे लिहिलं, तर सगळा दोष त्यांच्यावर येईल, असंही ते म्हणाले, आणि ते खरं होतं. सुहासला त्यांनी सांगितलं होतं, की वहिनी लगेच आल्या. वहिनींनीही तेच सांगितलं होतं. दोघं एकमेकांना सांभाळत होते.

वहिनी इतका वेळ उंबरठ्यावर बसून फणसाच्या आठळ्यांसारखं काहीतरी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"लिवा भावजी," त्या म्हणाल्या. "माका ऐकाक इला. मी उठाक नाय. ता पन लिवा."

त्या पुढे म्हणाल्या, की तेव्हापासून त्यांना रोज सकाळी पोळ्याचं पीठ घालताना कान टवकारून उभं राहावं लागतं, आणि सुहासला खोटं सांगितलंय तोवर ते थांबणार नाही. मग सूप उचलून त्या पुन्हा निवडायला लागल्या.

सरांनी कागद मला परत दिला.

पुढचं काम भराभर झालं. मी आधी एक यादी केली, की पडणं थांबवता येत नसेल तर पडल्याचं लगेच कळायला काय लागेल. मनालीने एकेक वाक्य सुचवलं, सरांनी त्यातले शब्द काढले. एक जागा मात्र रिकामी राहिली. मनालीने विचारलं, "पण सर, का? इथेच का राहायचंय?" सरांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्रावर लिहायला त्यांनी स्वतःच बंदी घातलेली. त्यांनी तुळशीकडे पाहिलं, तिच्यावरही आम्ही रेघ मारली होती. मग ते म्हणाले, "हय माका लोक अर्ज आणून देतत. थय फकत चाय आणून देतले."

मनालीने ते तसंच, फक्त भाषा बदलून, लिहून घेतलं. अर्ज असा झाला:

'सुहास, मला एक वर्ष इथेच राहायचं आहे. मी विहिरीपाशी पडलो आणि बराच वेळ दगडावर पडून होतो. वहिनींनी हाक ऐकली, पण त्यांना वाटलं मी कोणाचा अर्ज वाचतोय. पुन्हा पडणार नाही, असं मी म्हणू शकत नाही. पडलो तर लगेच कळेल, अशी व्यवस्था करत आहोत, यादी सोबत. इथे लोक मला अर्ज आणून देतात. तिथे फक्त चहा आणून देतील.'

वहिनींना गाऱ्हाण्यासारखं म्हणून दाखवावं, असं मी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, ते आता बंद. यापुढे समोर बसले असेन तरच बोलेन, गड्ग्यावरून एक शब्द नाही. मनालीने कागदाचा फोटो काढून सुहासला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. सरांनी दुपारी जेवताना तीन वेळा विचारलं, फोन चालू आहे ना. देशभरातल्या लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं असं ताटकळत ठेवलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

उत्तर संध्याकाळी आलं. 'मंजूर. एक वर्ष. दर तीन महिन्यांनी प्रगती अहवाल. अपयश लपवल्यास अनुदान रद्द.' सरांनी ते दोनदा वाचलं, मग म्हणाले, पोराचं वाक्य बरं आहे. चष्मा पुसायला आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

तेव्हापासूनची स्थिती अशी. विहिरीच्या पायरीला लोखंडी कठडा: झाला. शेवाळ घासणं: दर आठवड्याला, माणूस ठरवला. न्हाणीत दिवा: झाला. फोनसाठी बंडीला खिसा: वहिनींनी शिवला, सर वापरतात, बहुतेक वेळा. सकाळ-संध्याकाळ चहा वहिनींकडे: सुरू; सर न आल्यास वहिनी स्वतः येतात आणि येताना मोठ्याने बडबडत येतात.

पहिला अहवाल या आठवड्यात जायचा आहे. सरांनी तो लिहून माझ्याकडे पाठवला: 'तिमाहीत प्रकृती समाधानकारक असून सर्व व्यवस्था सुरळीत आहे.' मी तो परत पाठवला आहे. कारण गेल्या बुधवारी अंगणातल्या खळ्यात सुपाऱ्या गोळा करताना सर पुन्हा खाली आले. लागलं नाही. फोन खिशात होता, वहिनी समोरच होत्या, मिनिटभरात उठवलं. म्हणजे व्यवस्थेने काम केलं, आणि अहवालात लिहिण्यासारखं तेवढं एकच आहे. मी हे सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी पडाक नाय. बसलंय."

पडल्याचं मला वहिनींनीच सांगितलं होतं; सुहासलाही सांगाल का, असं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते त्यांनीच लिहायचं, मी सांगणार नाही, पण खोटंही बोलणार नाही.

काल संध्याकाळी मी पुन्हा जाऊन आले. पडवीत कागद खुर्चीवर होता, त्यावर दगड ठेवलेला. पहिलं वाक्य सरांनी बदललं होतं, बरं होतं, छोटं होतं. त्याच्याखाली जागा सोडली होती. मी वाट बघत बसले, चहा घेतला, निघाले. दुसरं वाक्य अजून लिहायचं आहे.